जवळच्यानं गप्प बसायचं

साईनाथ बांदिवडेकर पूर्वी इतका बोलायचा की आमच्या ठाकुर्लीच्या सोसायटीत लोक त्याला टाळायला मागच्या जिन्यानं जायचे. मीही गेलेली आहे, खोटं कशाला बोलू. भाजी घेऊन दमून यावं आणि यानं फाटकातच गाठावं. "काकू, तुमच्या किचनमध्ये नेटवर्कच्या दोनच कांड्या येतात ना? का ते सांगतो." मग पिशवीतल्या मेथीनं मान टाकेपर्यंत तो सांगत राहायचा. आता तो जिन्यात भेटला की भिंतीला अंग चोरून मला वाट देतो आणि नुसती मान हलवतो. मे महिन्यापासून असं चाललंय. एवढ्या बडबड्या माणसाला असं बघणं मला सोसत नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. आणि माझंही एक सांगायचं राहिलेलं आहे.

मी सुमेधा ओक. टेलिफोन खात्यात बत्तीस वर्षं काढली. त्यातली पहिली पंधरा कल्याणला ट्रंक बोर्डावर, कानाला हेडफोन लावून, आणि उरलेली तक्रारी ऐकून घेण्यात. आठ वर्षांपूर्वी साईनाथ, त्याची बायको कृतिका आणि तेव्हा मांडीवर असलेली समृद्धी समोरच्या घरात राहायला आले. त्याचं कामही फोनचंच. एका मोबाइल कंपनीसाठी तो गाडीतून फिरायचा, मांडीवर लॅपटॉप आणि समोर चार फोन लावून, आणि कुठल्या टॉवरचा आवाज कुठवर पोचतो ते मोजायचा. शहाडपासून कसाऱ्यापर्यंतचा प्रत्येक टॉवर त्याला नावानिशी ठाऊक. एकाच खात्यातले असल्यासारखा तो मला 'सीनियर' म्हणायचा, आणि लगेच पुढे, "पण काकू, तुमचं सगळं तारांचं होतं हां," असं जोडायचा. ते मला झोंबायचं. तो हे गमतीनं म्हणतो एवढं कळायचं, तरी झोंबायचं.

गेल्या नोव्हेंबरात एक दिवस तो भलताच खुशीत माझ्या स्वयंपाकघरात आला. "काकू, मिक्सर कुठंय?" मी दाखवला. त्यात त्यानं शेंगदाणे घातले, समृद्धीला बाल्कनीत उभं केलं, कृतिकाला त्यांच्या घराच्या दारात, आणि दोघींना आपापलं नाव सांगत राहायला सांगितलं. मग मिक्सर सुरू केला. मिक्सरच्या घरघरीपुढे मला काय ऐकू येणार? त्यानं क्षणभर बटण बंद केलं. तेवढ्यात दोघींचे आवाज आले, एकीचा इकडून, एकीचा तिकडून. परत मिक्सर सुरू.

"हा मिक्सर म्हणजे जवळचा टॉवर," तो म्हणाला. "फोन कुठं आहे हे कळायला त्याला कमीत कमी तीन टॉवर ऐकू यायला लागतात. तिघांचा आवाज किती उशिरा पोचला त्यावरनं जागा निघते. पण जवळचा इतका ओरडत असतो की लांबचे ऐकूच येत नाहीत. मग काय करायचं? जवळच्यानं मध्ये मध्ये गप्प बसायचं. सेकंदाचा अगदी बारीक तुकडा. बोलणाऱ्याला कळत पण नाही, पण फोन तेवढ्यात लांबचे ऐकून घेतो."

"आणि हे कशासाठी?"

"माणूस हरवला तर सापडायला. ज्यांच्याकडे साधा बटणांचा फोन असतो ना, त्यांच्यासाठी."

कुठल्या टॉवरनं केव्हा थांबायचं याचं वेळापत्रक टिटवाळा ते वासिंद एवढ्या पट्ट्यासाठी त्यानं स्वतः केलं होतं. बारा वर्षं दुसऱ्यांनी सांगितलेलं मोजत फिरल्यावर हे पहिलं काम त्याचं स्वतःचं. मी म्हटलं, "टॉवरांना गप्प बसायचं वेळापत्रक केलंस, आता तुझं कोण करणार?" तो पोट धरून हसला आणि माझा टोमणा सोसायटीभर स्वतःच सांगत सुटला. राग धरणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. माझ्या होतं.

आता गुणाजींविषयी. गुणाजी बांदिवडेकर म्हणजे साईनाथचे वडील. मूळचे मालवणकडचे, पण आयुष्य गेलं वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात, लेथवर. निवृत्त झाल्यावर त्यांनी खडवलीला दोन गुंठे जागा घेतली आणि दोन खोल्यांचं, पुढे पडवी असलेलं घर बांधलं. मागे अळू, शेवगा आणि चार नारळ. त्या मातीत नारळ धड येत नाहीत, पण हे मालवणच्या माणसाला कोण समजावणार? तीन वर्षांपूर्वी त्यांची बायको विमलाबाई गेली. साईनाथनं कितीदा विनवलं तरी ते ठाकुर्लीला राहायला आले नाहीत. "तुमची जमीन तिसऱ्या मजल्यावर," म्हणायचे, "तिथं मी काय पेरू?"

रोज सकाळी अंघोळ, पूजा, पेज आटोपली की अकराच्या सुमाराला ते लेकाला फोन करायचे. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन होता. साईनाथनं त्यांना एक शिस्त घालून दिली होती: फोनवर बोलताना चालायचं नाही. चालत बोललं की आवाज तुटतो. म्हणून आवाज जरा कमी-जास्त झाला की तो म्हणायचा, "बाबा, आहात तिथंच बसा, हलू नका." लेथवरचा माणूस, सांगितलेलं माप तंतोतंत पाळायची सवय. एकदा ते ठाकुर्लीला आलेले असताना साईनाथचा फोन आला, तर सोसायटीच्या पायरीवर, भर उन्हात, बोलणं संपेपर्यंत हे गृहस्थ बसून राहिले. मी सावलीत या म्हणून खूण केली तर हातानंच नको म्हणाले. साईनाथनं बसा म्हणून सांगितलं होतं ना.

डिसेंबरपासून गुणाजींची तक्रार सुरू झाली. फोन मध्येच बंद पडतो. बोलता बोलता सगळं थांबतं. साईनाथलाही तसाच अनुभव येत होता. वडील अर्ध्या वाक्यात गायब व्हायचे, दहा-पंधरा सेकंदांनी परत यायचे किंवा यायचेच नाहीत. खडवलीचा टॉवर त्यानं नुकताच गप्प बसायला शिकवलेला. नवीन काम केलेल्या माणसाला पहिला संशय स्वतःच्या कामाचा येतो. त्याला वाटलं, आपल्या वेळापत्रकात कुठंतरी चूक झाली आणि टॉवर नको तेवढा वेळ थांबतोय.

संक्रांतीला माझ्याकडे हळदीकुंकू होतं. दुपारच्या आधीच साईनाथ तिळगुळाचा डबा घेऊन आला, कृतिका आणि सोसायटीतल्या दोघी बायका बसलेल्याच होत्या. तेवढ्यात गुणाजींचा फोन आला. सणाचं सगळ्यांशी बोलतील म्हणून साईनाथनं स्पीकर लावला.

"शेंगो काढलंय झिला," गुणाजी लेकाला मालवणीत म्हणाले. "यंदा बऱ्यो लागल्यो. त्यातल्यो चार..."

आणि थांबले.

"हॅलो? बाबा? हॅलो, हॅलो, आवाज येतोय का? हॅलो, बाबा, ऐकू येतंय का माझं?" साईनाथनं जे सुरू केलं ते थांबेचना. मग त्यानं फोन ठेवून दिला. "बघितलंत? परत तुटला."

तो तुटला नव्हता. हे मला तिथल्या तिथे कळलं. मेलेली लाइन मी पंधरा वर्षं कानानं ओळखलेली आहे. तिच्यात काही नसतं, भांडं पालथं घालावं तसं. गुणाजी थांबले तेव्हा मागे त्यांचा रेडिओ चालू होता. बाई बातम्या वाचत होती, एक कोंबडी करकरत होती, आणि गुणाजींचा श्वासही होता. साईनाथच्या हॅलो-हॅलोच्या मधल्या फटींतून ते सगळं येत होतं. लाइन चालू होती. थांबले होते ते गुणाजी.

मी म्हटलं, "अरे साईनाथ, लाइन काही..."

"काकू," तो हसत म्हणाला, "तुमच्या तारांचे दिवस गेले हो. ह्यात असं नसतं."

दोघी बायका हसल्या. कृतिका नाही हसली. मी दूध उतू जाईल म्हणून आत गेले. गॅसवर दूध नव्हतंच. ओट्याशी उभी राहून मनाशी म्हटलं, मरो, आपल्याला काय करायचंय, हा एवढा हुशार आहे तर बघेल. ते वाक्य माझं मला आजही ऐकू येतं. दुसऱ्या दिवशी त्याला गाठून सांगता आलं असतं. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, रोज तो मला जिन्यात भेटत होता. मी माझा मान धरून बसले.

साईनाथनं त्याच आठवड्यात खडवलीच्या टॉवरचं गप्प बसणं बंद करून टाकलं. कागदावर कारण लिहिलं, ग्राहकाची तक्रार. ग्राहक कोण, ते लिहिलं नाही. सगळं तपासून परत सुरू करायचं असं त्यानं ठरवलं होतं. पण ते बंद करूनही वडिलांचा फोन तुटतच राहिला. एवढ्यावरून तरी त्याला कळायला हवं होतं, असं म्हणावंसं वाटतं. पण टॉवरच्या माणसाला टॉवरच दिसतो. त्यानं केबल बदलायला लावली, बॅटऱ्या बदलायला लावल्या, दोनदा स्वतः जाऊन आला. गेला की वडिलांशी टॉवरविषयी बोलायचा, आणि समोरासमोर थोडं अडखळणं कुणाच्या लक्षात येतं? म्हातारा माणूस आहे, थांबून बोलतो, एवढंच. बंद केलेलं परत सुरू करायचं त्या गडबडीत राहून गेलं.

मे महिन्यातला तो मंगळवार होता. उकाडा असा की दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं. साईनाथ ठाण्याला ऑफिसात होता. नेहमीपेक्षा थोडा उशिरा, साडेअकराला, गुणाजींचा फोन आला, नेहमीसारखा तुटला, आणि मीटिंग असल्यामुळे परत फोन करायला चार वाजले. फोन वाजत राहिला. दहादा केला, वाजत राहिला. शेवटी त्यानं तिथल्या शेजाऱ्यांना बघायला सांगितलं. ते म्हणाले, दार उघडंय, पडवीत रेडिओ चालूय, बांदिवडेकर कुठं दिसत नाहीत.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं, कारण मी कृतिकाबरोबर रिक्षानं खडवलीला गेले. आम्ही पोचेपर्यंत साईनाथ पोलिसांना घेऊन पडवीत बसला होता, मांडीवर लॅपटॉप. पोलिसांचं पत्र कंपनीला गेलं होतं, फोन अजून सुरू होता, आणि त्याच्याच ऑफिसातल्या मुलांनी गुणाजींच्या फोनची जागा काढून पाठवली होती. ती जागा नव्हतीच. खडवलीच्या टॉवरभोवती एक मोठं वर्तुळ होतं, त्यात गाव, शेतं, नदी, रूळ, सगळं मावलं होतं. साईनाथ त्या वर्तुळाकडे बघत नव्हता. त्याच्या बाजूला एक ओळ होती, तिच्याकडे बघत होता. मी चष्मा लावून वाचली. ऐकू आलेले टॉवर: एक.

"टिटवाळ्याचा ऐकू यायला पाहिजे होता काकू," तो म्हणाला. "वासिंदचा पण. खडवलीवाला गप्प बसला असता तर आले असते ऐकू." मग आवाज खाली करून म्हणाला, "मीच बंद केलेलं ते. बाबांसाठी."

त्यानं तिथूनच ऑफिसला फोन करून ते परत सुरू करायला सांगितलं. पण ते कुणीतरी वरच्यानं मंजूर करायचं होतं, त्यात संध्याकाळ गेली, आणि मंजुरी आली तोवर गुणाजींच्या फोनची बॅटरी संपली होती. खडवलीत माणूस दिसेनासा झाला की लोक आधी नदी बघतात. नदी वर्तुळात होतीच. सगळं गाव नदीकडे धावलं. तरुण पोरं पाण्यात उतरली, दोन्ही काठ पालथे घातले. सकाळ झाली तरी शोध नदीकाठीच चालला होता.

बुधवारी दुपारी भीमाबाई नावाची एक बाई धावत आली. ती रुळांच्या पलीकडे गुरांसाठी वाळलं गवत कापायला जाते. नदीच्या बरोबर उलट्या दिशेला. तिथं एका मोठ्या चिंचेच्या बुंध्याला टेकून गुणाजी बसलेले होते. चपला काढून शेजारी नीट जोडीनं ठेवलेल्या, फोन हातात. चिंचेची सावली सकाळी असते, दुपारनंतर तिथं ऊनच ऊन. डॉक्टर म्हणाले, उन्हानं आणि पाण्यावाचून गेले. मंगळवारी चारला फोन वाजत होता तेव्हा शुद्ध नसावी. पण जीव बहुधा पहाटेपर्यंत होता.

पंचनाम्याला आलेला हवालदार वयस्कर होता, भला माणूस. तो चिंचेखाली उभा राहिला, डावीकडे बघितलं, आणि म्हणाला, "इथनं रस्ता दिसतोय. दोनशे पावलं पण नाहीत. रिक्षा जातायत, माणसं जातायत. मग हे उठून गेले का नाहीत?" साईनाथ खाली वाकून वडिलांच्या चपला उचलत होता.

तेराव्याला साईनाथनं मला सगळं सांगितलं, जानेवारीतला कागद, ग्राहकाची तक्रार, सगळं. ऑफिसातही त्यानं स्वतः जाऊन सांगितलं होतं. तिथं कुणी रागावलं नाही. अहवालात एक ओळ लिहिली आणि खडवलीचा टॉवर बाकीच्यांसारखा गप्प बसू लागला. कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मीही त्या दिवशी माझं सांगायला हवं होतं. पण घरात माणसं होती, पान वाढायचं होतं, आणि खरं सांगते, मला धीर झाला नाही.

मग तो बोलेनासा झाला. गाडीतून फिरायचं काम सोडून त्यानं टेबलावरचं काम मागून घेतलं. समृद्धी आता आठ वर्षांची आहे. ती त्याला शाळेतलं सांगायची आणि तो "हं" म्हणायचा. कृतिका माझ्याकडे येऊन रडून जायची. "काकू, पूर्वी मी त्यांना गप्प बसा म्हणायचे हो," म्हणायची. "आता मला माझंच बोलणं आठवतं."

गणपतीत बांदिवडेकर मंडळी दर वर्षी मालवणला जातात. कितीही गर्दी असो, रजा मिळो न मिळो, गुणाजींनी एक वर्ष चुकवलं नव्हतं. यंदा घरात वर्ष पाळायचं म्हणून गेले नाहीत. सोसायटीत सगळीकडे आरत्या आणि समोरच्या दाराला तोरणसुद्धा नाही. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी बाराच्या सुमाराला, साईनाथ माझ्याकडे आला. लॅपटॉप घेऊन. किती दिवसांनी तो स्वतःहून माझ्या घरात येत होता. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला, मिक्सर होता त्याच्या शेजारी.

"काकू, तुमचे कान एक्स्चेंजचे," तो म्हणाला. "मला एक सांगा."

त्याचा कामाचा फोन होता ना, त्यावर प्रत्येक बोलणं आपोआप रेकॉर्ड होतं, आवाज कसा येतो ते तपासायला. गुणाजी त्याच नंबरवर फोन करायचे. डिसेंबरपासूनची सगळी बोलणी त्याच्याकडे होती. इतके महिने त्यानं ती उघडली नव्हती. त्यानं जानेवारीतलं लावलं. माझ्याच घरातलं होतं ते. शेंगो काढलंय झिला. यंदा बऱ्यो लागल्यो. त्यातल्यो चार. मग साईनाथचं हॅलो, हॅलो.

"ही लाइन तुटलीय का?" त्यानं विचारलं. माझ्याकडे न बघता.

हो म्हटलं असतं तर? टॉवरच बिघडलेला होता, तू योग्य तेच केलंस, कुणालाही असंच वाटलं असतं. माझ्या जिभेवर आलं होतं. समोर बसलेल्या माणसाला ते देऊन टाकावं असं फार वाटलं.

"नाही," मी म्हटलं. "लाइन चालू आहे. मागे रेडिओ ऐक. ते बोलता बोलता विसरतायत रे." आणि मग थांबताच आलं नाही. "हे मला त्याच दिवशी कळलं होतं, साईनाथ. संक्रांतीलाच. तू सगळ्यांसमोर माझ्या तारांवरून बोललास, त्याचा मला राग आला, आणि मी तोंड मिटून बसले. चार महिने मला सांगता आलं असतं. डॉक्टरकडे नेता आलं असतं त्यांना. मी सांगितलं नाही."

मला वाटलं तो उठून जाईल. जावं, असंच वाटत होतं. तो बराच वेळ मिक्सरच्या भांड्यावरून बोट फिरवत राहिला.

"तुम्ही बोलायला गेलेलात काकू," तो म्हणाला. "मीच बोलू दिलं नाही." मग म्हणाला, "शेवटचं पण ऐकायचंय. एकट्याला जमत नाही."

शेवटचं म्हणजे मंगळवारचं, साडेअकराचं. त्यानं लावलं. "झिला," एवढं गुणाजी म्हणाले आणि थांबले. लगेच साईनाथचं सुरू झालं. "हॅलो? हॅलो बाबा, बोला, हॅलो, आवाज येतोय का, हॅलो." त्या आवाजाखाली काहीतरी होतं. तिथं कुणीतरी बोलत होतं, हळू, पण शब्द लागत नव्हते. मग साईनाथ म्हणत होता, "बाबा, परत तुटतोय आवाज. आहात तिथंच बसा, हलू नका. मी टॉवर बघतो आणि फोन करतो." आणि संपलं.

"खाली बोलतायत ते," मी म्हटलं. "तुझ्या आवाजात लागत नाही. तुझा आवाज बंद करता येतो?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. "येतो. दोन्ही बाजू वेगळ्या असतात."

पण त्याचा हात बटणाशी थांबला. टॉवर गप्प करायचं ज्याला वेड, त्याला हे सुचलं नसेल असं नाही. त्याला भीती वाटत असणार. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यानं एक बटण दाबलं आणि परत सुरू केलं.

आता नुसता वारा होता. वाळल्या पानांची खसखस. लांबून एक गाडी रुळांवरून गेली. मग गुणाजी बोलले, एकेक शब्द शोधत, पण स्वच्छ.

"झिला... मी वाट चुकलंय रे." बराच वेळ पानंच वाजली. "हंय एक मोठी चिंच आसा. समोर रूळ दिसतत. पुढचां माका कायच आठवना नाय. तू येतंस काय?"

मग थोडी शांतता आली. त्या शांततेत पूर्वी काय होतं ते आम्हां दोघांनाही ठाऊक होतं. आहात तिथंच बसा, हलू नका. ते आता ऐकू आलं नाही, फक्त गुणाजींनी ते ऐकून घेतलेलं ऐकू आलं. त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला होता, काळजी मिटलेल्या माणसाचा.

"बरां," ते म्हणाले. "मी बसतंय."

साईनाथ पडद्याकडे बघत राहिला. म्हणाला, "त्यांना वाटलं, मी निघालो."

समोरच्या दारातून समृद्धीनं दोनदा हाक मारली, बाबा, जेवायला चला. तो ऐकत होता, पण त्याला उठता येईना. मी जाऊन तिला सांगितलं की बाबा इथं बसलेत, येतील थोड्या वेळानं.